शिकू देणे : अस्तित्ववाद आणि दैनंदिन शिक्षण

अस्तित्ववाद हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेल्या ज्या विचारप्रवाहांनी आपल्या वाङ्मयचर्चेत ठाण मांडले, त्यांत ह्या प्रवाहाचे स्थान ठळक आहे. तथापि ही ओळख मुख्यतः कथा-कादंबऱ्यांच्या द्वारे झाल्यामुळे वैफल्य, एकाकीपणा आणि निरर्थकता एवढ्यातच ह्या तत्त्वज्ञानाचे सार आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ झाला. वस्तुतः ह्या परंपरेतील अनेक विचारवंत पेशाने शिक्षक होते, आणि माणूस शिकतो म्हणजे नेमके काय करतो, ह्या प्रश्नाचा त्यांच्या लेखनाशी निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात त्या संबंधाचे स्थूल विवेचन करावयाचे आहे. शिक्षणविषयक धोरणे आणि आयोग ह्यांचा विचार येथे अभिप्रेत नाही. घंटा होते, हजेरी घेतली जाते, फळ्यावर धड्याचे नाव लिहिले जाते, त्या रोजच्या शिक्षणापुरताच हा विचार आहे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे विषयाकडे जाण्याची वाट भाषेच्या अंगाने काढली आहे. वाचकांनी ती गोड मानून घ्यावी.

१. संज्ञेचा विचार

प्रथम संज्ञा पाहू. ‘अस्तित्व’ हे भाववाचक नाम ‘अस्ति’ ह्या क्रियारूपाला ‘त्व’ प्रत्यय लागून बनले आहे. ‘अस्ति’ म्हणजे ‘तो, ती किंवा ते आहे’. म्हणजे तृतीयपुरुषी एकवचनाचे रूप ह्या नामाच्या पोटात आहे. दगड आहे, झाड आहे, शाळेची इमारत आहे. ह्या सर्वांच्या ‘आहे’पणाला अस्तित्व म्हणता येते. परंतु ज्या तत्त्वज्ञानाला आपण अस्तित्ववाद म्हणतो, त्याचा रोख ह्या तृतीयपुरुषी असण्यावर नाही. ‘मी आहे’ असे ज्याला म्हणता येते, आणि ‘मी कसा असावे’ हा प्रश्न ज्याला टाळता येत नाही, त्याच्या असण्यावर आहे. संस्कृतात ‘अस्मि’ ह्या प्रथमपुरुषी रूपापासून सिद्ध झालेला ‘अस्मिता’ हा शब्द आहे. योगदर्शनात तो पाच क्लेशांपैकी एकाचे नाव म्हणून येतो, आणि आजच्या मराठीत त्याला सामुदायिक अभिमानाचा अर्थ चिकटला आहे. त्यामुळे आपल्या कामाला तो निरुपयोगी ठरतो. पण व्याकरणदृष्ट्या पाहिले, तर अस्तित्ववादाचा सर्व खटाटोप ‘अस्ति’कडून ‘अस्मि’कडे येण्याचा आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

हाच भेद शिक्षणात रोज प्रत्ययास येतो. विद्यार्थ्याविषयी शाळेच्या दप्तरी जे जे नोंदलेले असते ते सर्व तृतीयपुरुषी असते. त्याचे वय, त्याचे गुण, त्याची हजेरी, त्याची वर्तणूक. ह्या नोंदी आवश्यक आहेत, आणि पुष्कळदा त्या खऱ्याही असतात. परंतु ज्याच्याविषयी त्या केलेल्या असतात, तो स्वतः मात्र त्या नोंदीप्रमाणे जगत नसतो. ‘गणितात कच्चा’ हा शेरा शिक्षकाच्या दृष्टीने वर्णन असतो. मुलाच्या दृष्टीने तो एक प्रश्न असतो. हे मी मान्य करावे, नाकारावे, की त्याचे काही करावे?

२. विचाराची रूपरेषा

ह्या विचाराचा आरंभ बहुधा डेन्मार्कच्या सरेन किर्केगॉरपासून (१८१३–१८५५) मानतात. त्याच्या चरित्रातील एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला विशेष लक्षणीय वाटेल. १८४१ साली कोपनहेगन विद्यापीठाला सादर केलेला व्याजोक्तीवरील आपला प्रबंध त्याने, राजाकडे अर्ज करून खास परवानगी मिळवून, डॅनिश भाषेत लिहिला. त्या काळी प्रबंधाची भाषा लॅटिन असे, आणि त्याची तोंडी चर्चाही लॅटिनमध्येच झाली. सॉक्रेटिसाच्या व्याजोक्तीसारखा विषय आपल्या बोलीखेरीज अन्य भाषेत पेलणार नाही, ही त्यामागची जाणीव होती.

किर्केगॉरचा मुख्य आग्रह असा की, सत्य विधान उच्चारणे वेगळे आणि त्या सत्याशी आपला संबंध जोडणे वेगळे. १८४६ सालच्या एका ग्रंथात त्याने ह्यासाठी एक गमतीदार कथा योजली आहे. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेल्या एका माणसाला आपण शहाणे असल्याचे गावाला पटवून द्यावयाचे असते. निर्विवाद सत्य बोलले की लोक आपल्याला शहाणे म्हणतील असा तो विचार करतो. वाटेत त्याला खेळातला एक लाकडी चेंडू सापडतो; तो चेंडू तो कोटाच्या मागच्या खिशात ठेवतो. चालताना चेंडू अंगावर आपटला की प्रत्येक वेळी तो पृथ्वी गोल असल्याचे जाहीर करतो. विधान सोळा आणे खरे. पण त्यामुळेच डॉक्टरांना त्याच्या वेडाची खात्री पटते. आपल्या परीक्षा-पद्धतीवर ह्याहून मार्मिक भाष्य शोधून सापडणार नाही. प्रश्न आपटला की उत्तर बाहेर पडते. उत्तर बरोबरही असते. परंतु ते उत्तर आणि ते लिहिणारा ह्यांच्यात काही नाते आहे की नाही, हे उत्तरपत्रिकेवरून कळत नाही.

विसाव्या शतकात मार्टिन हायडेगरने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रमुख ग्रंथात रोजच्या जगण्याचे जे विश्लेषण केले, त्यात जर्मन भाषेतील एका साध्या सर्वनामाला मध्यवर्ती स्थान दिले. ‘मान’ हे ते सर्वनाम. ‘लोक असे करतात’, ‘असे म्हणतात’, ‘असे करायचे असते’ अशा वाक्यांतील अनामिक कर्ता ते दर्शविते. हायडेगरने त्याचे नाम बनविले आणि दाखवून दिले की, आपण बहुतेक वेळ ह्या ‘लोकां’च्या वतीनेच विचार करीत असतो. ‘लोक’ जे वाचतात ते वाचतो, ‘लोक’ ज्याला हसतात त्याला हसतो. ही स्थिती कोणाचा अपराध नव्हे. प्रत्येक माणूस तेथूनच आरंभ करतो. मात्र ‘लोक’ कोणत्याही निर्णयाची जबाबदारी घेत नाहीत, कारण ‘लोक’ म्हणजे कोणीच नव्हे.

झां-पॉल सार्त्र (१९०५–१९८०) हा १९३१ पासून काही वर्षे ल आव्र ह्या बंदराच्या गावी माध्यमिक विद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत असे. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिस येथे दिलेल्या त्याच्या व्याख्यानामुळे अस्तित्ववाद हा शब्द सर्वतोमुखी झाला. त्यात त्याने कागद कापण्याच्या सुरीचे उदाहरण घेतले. सुरी घडविण्यापूर्वी ती कशासाठी हवी ह्याची कल्पना कारागिराच्या मनात असते; म्हणजे सुरीचे सारतत्त्व आधी, अस्तित्व मागाहून. माणसाच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. तो आधी असतो, आणि आपल्या कृतींतून पुढे काहीएक होतो. म्हणून आपण काय झालो ह्याचे उत्तरदायित्व त्याच्यावर येते. हे उत्तरदायित्व टाळण्यासाठी माणूस स्वतःला वस्तूसारखे मानू लागतो, ‘माझा स्वभावच असा’ म्हणतो. ह्या आत्मवंचनेला सार्त्रने फार महत्त्व दिले आहे.

येथे शिक्षणाच्या दृष्टीने एक प्रश्न उभा राहतो. शाळेत येणाऱ्या मुलाकडे आपण सुरीसारखे पाहतो काय? कारखान्याला, कचेरीला, घराण्याच्या प्रतिष्ठेला काय हवे ते आधी ठरवून त्या मापाने मुलाला कापू लागतो काय? असे पाहण्यात दुष्ट हेतू असतोच असे नाही. आईबापांची काळजी त्यामागे असते, पोटाचा प्रश्न असतो. तरीही हे पाहणे सुरीकडे पाहण्यासारखेच राहते.

३. शिकणे, शिकवणे आणि शिकू देणे

आता मराठी क्रियापदांकडे वळू. ‘शिकवणे’ हे ‘शिकणे’ ह्याचे प्रयोजक रूप आहे. ‘अव’ हा प्रत्यय लागून क्रिया घडवून आणणारा एक नवा कर्ता वाक्यात येतो, परंतु मूळ क्रिया ज्याची त्याचीच राहते. ‘गुरुजी मुलांना कविता शिकवतात’ ह्या वाक्यात शिकण्याची क्रिया मुलांची आहे, गुरुजींची नव्हे. संस्कृतातील ‘अध्ययन’ आणि ‘अध्यापन’ ह्या जोडीतही हेच नाते आहे. अध्यापक तो, जो दुसऱ्याकडून अध्ययन घडवितो.

सर्वच भाषा हा भेद अशा रीतीने करीत नाहीत. किर्केगॉरच्या डॅनिश भाषेत ‘लेअर’ हे एकच क्रियापद शिकणे आणि शिकवणे ह्या दोन्ही अर्थी चालते. सार्त्रच्या फ्रेंचमध्ये ‘आप्रांद्र’चेही तसेच आहे, कोणाला काही ‘आप्रांद्र’ केले म्हणजे शिकविले, स्वतः केले म्हणजे शिकलो. भाषेतील एका शब्दावरून समाजाची मानसिकता ठरविणे हे शास्त्राला धरून होणार नाही, आणि तसे येथे सुचवावयाचेही नाही. एवढेच म्हणावयाचे की, मराठी बोलणाऱ्याला हा भेद व्याकरणानेच हाती दिला आहे. तरीदेखील ‘मी तो धडा शिकवून टाकला’ असे आपण म्हणतो, आणि मुले शिकली की नाही हा प्रश्न त्या वाक्याच्या बाहेर राहतो.

मराठीत आणखी एक रचना आहे : ‘शिकू देणे’. प्रयोजकाहून ती वेगळी. प्रयोजकात क्रियेचा उगम दुसऱ्याकडे असतो. ‘देणे’ लावले की आडकाठी दूर करण्याचा, वाव देण्याचा अर्थ येतो. हायडेगरने १९५१–५२ साली फ्रायबुर्ग येथे विचार म्हणजे काय ह्या विषयावर जी व्याख्याने दिली, त्यांत हीच कल्पना मांडली आहे. शिकण्यापेक्षा शिकविणे अवघड, कारण शिक्षकाला शिकू देता आले पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन आहे. ह्यासाठी त्याने सुताराकडील उमेदवाराचा दाखला घेतला. हत्यारे चालविण्याचा सराव झाला म्हणून तो मुलगा सुतार होत नाही. निरनिराळ्या लाकडांचा स्वभाव ओळखून त्यांना प्रतिसाद द्यावयास तो शिकला पाहिजे. हे ओळखणे उस्तादाला त्याच्या हातात ठेवता येत नाही. लाकूड त्याच्या हाती देऊन आपला हात मात्र मागे घ्यावा लागतो.

‘शिक्षण’ ह्या शब्दाच्या मुळाशीही असाच एक धागा आहे. पारंपरिक धातुपाठात ‘शिक्ष्’ हा विद्या ग्रहण करणे ह्या अर्थाचा स्वतंत्र धातू म्हणून येतो. तौलनिक भाषाशास्त्रात मात्र तो ‘शक्’ ह्या धातूचे इच्छार्थक रूप मानला जातो. म्हणजे समर्थ होण्याची इच्छा करणे. इच्छा ही ज्याची त्यालाच करावी लागते, ती दुसऱ्याकडून घडवून आणता येत नाही. त्याच धातूपासून आलेला ‘शिक्षा’ हा शब्द मराठीत दंड ह्या अर्थी स्थिरावला, हा अर्थांतराचा प्रवास शिक्षणाच्या इतिहासाविषयी बरेच काही सांगून जातो.

४. वर्गातील भाषा

वर्गात बोलल्या आणि लिहिल्या जाणाऱ्या मराठीचे बारकाईने निरीक्षण केले, तर हायडेगरचे ‘लोक’ तेथे पदोपदी भेटतात. मराठीत जर्मन ‘मान’सारखे सर्वनाम नाही. ते काम आपण कर्ता वगळून, क्रियापदाचे अनेकवचन योजून करतो : ‘असे म्हणतात’, ‘असे मानतात’. पाठ्यपुस्तकांच्या भाषेत त्याची जागा ‘मानले जाते’, ‘समजले जाते’ अशा रूपांनी घेतली आहे, ज्यांना शालेय व्याकरणात नवीन कर्मणी अथवा कर्मकर्तरी म्हणतात. ‘अमुक कवी हे श्रेष्ठ निसर्गकवी मानले जातात’ असे विद्यार्थी लिहितो. कोण मानते? त्याने ती कविता वाचून स्वतः तसे मानले काय? की गाइडातून ते वाक्य जसेच्या तसे उतरविले? वाक्याची घडणच अशी की, हा प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही. आणि ज्या विद्यार्थ्याला ती कविता मुळीच भावली नाही, त्याला तसे लिहिण्याची मुभा आहे, ह्याची त्याला कल्पनाही नसते.

दुसरा प्रकार चतुर्थ्यन्त कर्त्याचा. ‘मी जातो’ आणि ‘मला जावे लागते’ ह्या वाक्यांत जाणारा एकच. पण दुसऱ्यात तो कर्तेपणाच्या आसनावरून खाली उतरला आहे. ‘अभ्यास झाला नाही’, ‘गणित सुटले नाही’, ‘कमी गुण पडले’ ह्या वाक्यांत तर तो दिसेनासाच होतो. अभ्यास आपसूक व्हावयाचा राहिला, गुण झाडावरून पडले तसे पडले. सार्त्रने वर्णिलेल्या आत्मवंचनेला मराठीने अशी मऊ बिछायत अंथरून ठेवली आहे.

परंतु येथे घाईने निष्कर्ष काढू नये. ‘मला भूक लागली’ ह्या वाक्यात कोणतीही वंचना नाही. भूक आपण करीत नाही, ती लागतेच. त्याचप्रमाणे आईबाप मजुरीला गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी जेव्हा ‘अभ्यास झाला नाही’ म्हणते, तेव्हा ती अक्षरशः खरे बोलत असते. तिच्या बाजूला बसलेला, घरी स्वतंत्र खोली आणि शिकवणी असलेला मुलगाही तेच वाक्य तसेच उच्चारतो. दोन वाक्ये व्याकरणाने एक, अर्थाने भिन्न. पहिल्यात परिस्थितीची मर्यादा सांगितली आहे, दुसऱ्यात निवड लपविली आहे. हा फरक वाक्यावरून कळत नाही. तो बोलणाऱ्याला ओळखल्यावरच कळतो. दोघांना एकच छडी किंवा एकच सहानुभूती दाखविणारा शिक्षक दोघांवरही अन्याय करतो. अस्तित्ववादाचा उपयोग रोजच्या शिक्षणात कोठे होतो असे कोणी विचारल्यास, पहिला निर्देश ह्या ठिकाणाकडे करावा लागेल.

आपल्याकडे दहावीनंतर शाखा निवडण्याचा प्रसंग येतो, तेव्हाही हीच भाषा कानी पडते. ‘चांगले गुण मिळाले की विज्ञानाला जातात.’ कोण जातात? वाक्यात कर्ता नाही, आणि म्हणून पुढे दोन वर्षांनी ‘हे मी का घेतले?’ असे विचारणाऱ्या मुलाला उत्तर द्यावयास कोणी पुढे येत नाही. त्याच्या वतीने ज्यांनी ठरविले ते ‘लोक’ होते.

५. शिक्षकाचे स्थान

विद्यार्थ्याने स्वतः निवडावयाचे असेल, तर शिक्षकाचे काम कोणते? सार्त्रच्या वर उल्लेखिलेल्या व्याख्यानातील एक प्रसंग ह्या संदर्भात सर्वश्रुत आहे. युद्धकाळात त्याचा एक विद्यार्थी सल्ला मागण्यास आला. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन चढाईत मारला गेलेला, बापाचा कल शत्रूशी सहकार्याकडे, आणि आई केवळ ह्या मुलाच्या आधारावर जगणारी. इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात भरती व्हावे की आईजवळ राहावे? सार्त्रने उत्तर दिले नाही. तू स्वतंत्र आहेस, तूच निवड, एवढेच सांगितले. शिवाय सल्लागार कोण हे निवडतानाच माणसाने आपल्याला कोणता सल्ला हवा हे पुष्कळसे ठरविलेले असते, असेही त्याने दाखवून दिले.

ह्या उत्तरात प्रामाणिकपणा आहे. पण त्यात काही उणे आहे असेही वाटते. अठरा-वीस वर्षांचे पोर दारात उभे आहे, आणि शिक्षक त्याला त्याचे स्वातंत्र्य परत करून दार लावून घेतो. निर्णय त्याचाच, हे मान्य. पण निर्णय घेईपर्यंत सोबत बसावयास काय हरकत होती?

ही उणीव भरून काढणारा विचार मार्टिन बूबर (१८७८–१९६५) ह्याच्याकडे सापडतो. ‘मी’ आणि ‘तू’ ह्यांच्या नात्यावरील त्याचा ग्रंथ १९२३ सालचा. १९२५ साली हायडेलबर्ग येथे त्याने शिक्षणावर व्याख्यान दिले. मुलाच्या अंगच्या शक्ती मोकळ्या सोडल्या की शिक्षण झाले, हे मत त्याला मान्य नव्हते. आणि शिक्षकाने आपली इच्छा मुलावर लादावी हेही मान्य नव्हते. शिक्षकाने आपल्या जागी उभे राहूनच समोरच्या मुलाच्या बाजूनेही तो प्रसंग अनुभवावा, अशी त्याची अपेक्षा आहे. रागावताना रागावले जाणे कसे लागते हे त्याच क्षणी जाणवले पाहिजे. हे नाते पूर्णपणे परस्पर असू शकत नाही, कारण मुलाने शिक्षकाच्या बाजूने अनुभव घ्यावा अशी अपेक्षा करता येत नाही. ज्या दिवशी तो घेऊ लागेल त्या दिवशी ते नाते मैत्रीचे होईल. ‘तू’ हे सर्वनाम मराठी शिक्षक विद्यार्थ्याला रोज लावतो. त्यात अधिकार आहे की जवळीक, हे विद्यार्थी स्वरावरून बरोबर ओळखतो.

तत्त्वाला प्रत्यक्षाची जोड म्हणून आल्बेर काम्यूचे (१९१३–१९६०) उदाहरण घेता येईल. काम्यू स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घेत नसे. पण त्याच्या बालपणीची हकीकत आपल्या विषयाशी जुळते. अल्जीरियातील गरीब घर. बाप १९१४ साली युद्धात कामी आलेला. आई निरक्षर आणि कानाने अधू. प्राथमिक शाळेतील लुई जेर्मँ ह्या शिक्षकाने ह्या मुलाला शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी जादा वेळ देऊन तयार केले, आणि घरच्यांची समजूत घालून १९२४ साली त्याला माध्यमिक विद्यालयाचे दार उघडून दिले. १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाल्यावर काम्यूने १९ नोव्हेंबर रोजी जेर्मँला पत्र लिहून कळविले की, ही वार्ता समजताच आईच्या पाठोपाठ त्यालाच गुरुजींची आठवण झाली. पारितोषिकाच्या वेळची भाषणे त्याने त्यांनाच अर्पण केली. जेर्मँने काम्यूला काम्यू बनविले नाही. त्याला होऊ दिले. पण होऊ देण्यासाठी शाळा सुटल्यावर थांबावे लागले, आणि एका घरी जाऊन बोलावे लागले, हे विसरता कामा नये. ‘देणे’ हे सहायक क्रियापद दिसते तितके निष्क्रिय नाही.

६. खंड आणि अपयश

शिक्षण म्हणजे हळूहळू होणारी वाढ, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. जर्मन शिक्षणतज्ज्ञ ओटो फ्रीडरिख बोलनो (१९०३–१९९१) ह्याने १९५९ साली अस्तित्ववाद आणि अध्यापनशास्त्र ह्यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात ह्या कल्पनेची चिकित्सा केली. परंपरेने शिक्षकाला दोन उपमा दिल्या आहेत : वस्तू घडविणारा कारागीर आणि रोप वाढविणारा माळी. दोहोंतही प्रगती सलग असते, असे गृहीत धरलेले आहे. परंतु माणसाच्या आयुष्यात निर्णायक गोष्टी पुष्कळदा सलग घडत नाहीत. संकट, जाग येणे, कोणाचा तरी कानउघाडणीचा शब्द, एखाद्या व्यक्तीची किंवा ग्रंथाची गाठ पडणे, अशा खंडित प्रसंगांतून माणूस पालटतो. हे प्रसंग वेळापत्रकात बसविता येत नाहीत, आणि शिक्षकाने ते योजूनही आणता येत नाहीत. शिवाय शिक्षकाचा प्रयत्न फसण्याची शक्यता शिक्षणाच्या स्वरूपातच आहे, असे बोलनोने स्पष्ट केले. समोर वस्तू नसून स्वतंत्र माणूस आहे, म्हणूनच हा धोका आहे.

ह्यावरून अपयशाकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागते. ‘तो नापास झाला’ ह्या वाक्यातील क्रियापद ‘होणे’ हे आहे. ते घटना सांगते. आपण मात्र लवकरच ‘तो नापास आहे’ असे म्हणू लागतो. ‘झाला’चा ‘आहे’ होतो, घटनेचे सारतत्त्व होते, आणि सुरीच्या पात्यावर छाप उमटावी तसा शब्द माणसावर उमटतो. निकालाच्या दिवसांत आपल्या राज्यातील कित्येक घरांत हा व्याकरणाचा बदल किती जीवघेणा ठरतो, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यास सांगावयास नको. परीक्षेने एका दिवशीच्या एका उत्तरपत्रिकेविषयी सांगितलेले असते. माणसाविषयी तिने काही सांगितलेले नसते, हे वाक्य निकालापूर्वी वर्गात मोठ्याने उच्चारणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

मराठी वाङ्मयात ह्या अनुभवाला भालचंद्र नेमाडे ह्यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’ने वाचा फोडली. खेड्यातून पुण्यास महाविद्यालयीन शिक्षणासाठी आलेला आणि शेवटी गावी परतणारा तरुण तेथे प्रथमपुरुषी निवेदन करतो. त्या निवेदनात वारंवार येणारा ‘वगैरे’ हा शब्द समीक्षकांच्या चर्चेचा विषय झाला आहे. सिद्ध आणि गुळगुळीत वाक्यांवरचा अविश्वास त्यातून व्यक्त होतो, असे भाषेच्या अभ्यासकास म्हणता येईल.

७. मर्यादा

ह्या विचारावरील आक्षेप मोलाचे आहेत. पहिला असा की, निवडीची भाषा ज्यांच्यापुढे पर्याय आहेत त्यांनाच शोभते. ज्या घरात पहिलीच पिढी शाळेची पायरी चढते, तेथे ‘तूच निवडलेस’ हे वाक्य क्रूर ठरू शकते. सिमोन द बोव्हारने १९४७ आणि १९४९ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या प्रश्नाचा विचार केला आहे. ज्यांची परिस्थिती दुसऱ्यांनी बंद करून ठेवली आहे, त्यांच्या स्वातंत्र्याची गोष्ट करावयाची, तर आधी ती परिस्थिती उघडावी लागेल, आणि माझे स्वातंत्र्य इतरांच्या स्वातंत्र्यावाचून पुरे होत नाही, अशी तिची दिशा आहे. ब्राझीलमधील पाउलो फ्रेअरे ह्याने १९६३ साली आंजिकोस येथे सुमारे तीनशे मजुरांना अल्पावधीत साक्षर करण्याचा जो प्रयोग केला, त्यात शब्द निवडले ते त्या मजुरांच्याच जगण्यातले. विद्यार्थ्याला रिकामे खाते समजून त्यात माहितीची ठेव टाकीत जाण्याच्या पद्धतीवर त्याने केलेली टीका १९७० साली इंग्रजीत आलेल्या त्याच्या ग्रंथामुळे जगभर पसरली. त्या विचारात अस्तित्ववादाचे ऋण उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘लोकां’च्या आहारी जाण्याविरुद्ध इशारा देणारा हायडेगर स्वतः १९३३ साली विद्यापीठाचा कुलगुरू असताना नाझी पक्षात सामील झाला. तेव्हा ‘स्वतः निवडणे’ एवढ्यानेच निवड चांगली होत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. निवडीला कारणे द्यावी लागतात, ती दुसऱ्यापुढे मांडावी लागतात, आणि दुसऱ्याचे ऐकून घ्यावे लागते. वर्ग ही ह्या गोष्टींच्या सरावाची जागा आहे.

तिसरी गोष्ट पाठांतराविषयी. ह्या विवेचनावरून पाठांतर त्याज्य असा अर्थ काढू नये. पाढे, कविता, व्याकरणाची रूपे तोंडपाठ असणे ही मोठी पुंजी आहे. किर्केगॉरच्या कथेतील माणसाचे चुकले ते पाठ केले म्हणून नव्हे. त्या वाक्याने दुसऱ्यांना काय पटवावयाचे एवढाच त्याने विचार केला, म्हणून.

८. उपसंहार

एवढ्या विवेचनातून रोजच्या अध्यापनासाठी जे निष्पन्न होते ते फार मोठे नाही, आणि त्यासाठी नव्या योजनेचीही आवश्यकता नाही. प्रत्येक धड्यावर निदान एक प्रश्न असा असावा की, ज्याचे उत्तर ‘मला वाटते’ने सुरू होऊन ‘कारण’पाशी पोहोचेल. ‘मानले जाते’ असे लिहिणाऱ्यास ‘कोण मानते?’ असे समासात विचारावे. प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने स्वतःच उत्तर देण्याची घाई करू नये. त्या शांततेत पुष्कळदा शिकण्याची क्रिया चाललेली असते. ‘अभ्यास झाला नाही’ ह्या वाक्यामागचा कर्ता शोधावा, आणि तो परिस्थिती असेल तर तिच्याविषयी काही करावे. शाखा निवडणाऱ्या मुलाला मत देण्यापूर्वी त्याचे मत विचारावे, आणि ते बनेपर्यंत थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे. शिक्षकाने स्वतःही केव्हा तरी ‘मी’ म्हणावे. ‘अभ्यासक्रमात आहे म्हणून’ ह्या उत्तराआड न लपता, हा धडा मला का महत्त्वाचा वाटतो, किंवा का वाटत नाही, हे सांगावे.

चाळीस मिनिटांच्या तासात आणि साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हे नित्य साधेल असे नाही. तथापि आठवड्यातून एकदा एखाद्या मुलाने गाइडातले वाक्य बाजूस सारून आपले वाक्य उच्चारले, तरी त्या आठवड्यात शिक्षण घडले असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. ते वाक्य कदाचित अशुद्ध असेल, अपुरे असेल. व्याकरण मागाहून दुरुस्त करता येते. ह्या विषयावर आपल्या प्रदेशातील शिक्षकांनी वर्गातील भाषेची निरीक्षणे नोंदवून ठेवली, तर पुढील अभ्यासाला त्यांचा मोठा उपयोग होईल, आणि येथे केलेली विधाने कितपत टिकतात, ह्याचीही परीक्षा होईल.